हॉलंडसारखं सासर

दादासो मास्तर अंथुर्ण्याचे. घरात मेंढरं राखायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. वडील सोनबा यांच्यापर्यंत कळप होता. पुढे थोडी जमीन झाली, कॅनॉलचं पाणी आलं आणि कळप गेला. दादासो शिकले, अर्थशास्त्र घेऊन एम. ए. झाले आणि इंदापूरच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागले. त्यांच्या भावकीत एवढं कोणी शिकलेलं नव्हतं, त्यामुळे ते बोलायला लागले की म्हातारी माणसंसुद्धा पान चघळायची थांबून ऐकत. असं सगळे ऐकून घ्यायला लागले की माणूस बिघडतो. मास्तर वाईट नव्हते, पण थोडे बिघडलेच होते.

त्यांचा एक धडा कॉलेजभर माहीत होता. वर्ष सुरू झालं की ते फळ्यावर दोन रेघा काढायचे. खालची पांढरी रेघ भारताची, वरची गुलाबी रेघ हॉलंडची. डावीकडे साल साठ, उजवीकडे साल नव्वद. त्या त्या साली बाहेरून देशात किती माल आला, ते या रेघा सांगत. पांढरी रेघ आडवी पडून राहायची आणि शेवटी जरा मान वर करायची. गुलाबी रेघ मात्र फळ्याच्या चौकटीला जाऊन भिडायची. मग मास्तर खडू ठेवायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "पुणे, सोलापूर, सातारा, हे तीन जिल्हे एकत्र केले की हॉलंड होतो. माणसं दीड कोटी. आणि आपण? पंच्याऐंशी कोटी. तरी त्यांच्या दारात आपल्या पाचपट माल उतरतो. आता सांगा, सुखी कोण?" सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "हॉलंड!" मास्तरांना तो ओरडा फार आवडायचा.

पुस्तकात त्याच प्रकरणाच्या शेवटी बारीक टायपात पुनर्निर्यात नावाचा एक मुद्दा होता. बाहेरून आलेला माल तसाच पुढे दुसऱ्या देशात धाडणं, एवढंच त्यात सांगितलेलं. परीक्षेत त्यावर कधी प्रश्न आला नव्हता. मास्तर ते पान उलटून पुढे जायचे.

एक्क्याण्णव साल उजाडलं आणि मास्तरांच्या धड्याला एकदम तेज चढलं. वर्तमानपत्रांत रोज आयात, निर्यात, परकीय चलन. एसटी स्टँडवरच्या हॉटेलात माणसं मास्तरांना अडवून विचारायची, "मास्तर, आता काय हुणार?" मास्तर चहा फुंकत म्हणायचे, "दारं उघडणार. माल येणार. आपलं बी हॉलंड होणार." नेमक्या त्याच वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणीचं, बानूचं लग्न काढलं. सोनबा वारून दोन वर्षं झाली होती, त्यामुळे घरातला कर्ता माणूस दादासोच.

बानूला दोन स्थळं आली. एक लोणी देवकरचं, एक बारामतीचं. दोन्ही आपल्याच समाजातली, दोन्ही घरं नावाजलेली. आता मुलगी द्यायच्या आधी आमच्याकडे घर बघायला जातात, आणि जातात ते पुरुषच. गोठा बघायचा, विहीर बघायची, कणग्या बघायच्या, ओसरीवर बसून चहा प्यायचा, मुलाच्या बापाशी ऊस-पाण्याच्या गोष्टी करायच्या आणि उठायचं. माजघराचा उंबरा कोणी ओलांडत नाही. पाहुण्यानं बायकांच्या घरात शिरणं बरं दिसत नाही. ज्या घरात पोरगी जन्म काढणार तेच घर न बघता सगळे म्हणतात, घर बघून आलो.

लोणीचा मुलगा शंभूराज. स्वतःची ज्वारी, बाजरी, तूर. दावणीला दोन म्हशी, मागच्या बाजूला थोडी मेंढरं, बांधावर भाजी. पांघरायला घोंगडीसुद्धा घरच्याच लोकरीची. मास्तरांनी शंभूराजला विचारलं, "बाजारातनं काय आणता?"

शंभूराज विचारात पडला. "मीठ आणतो. रॉकेल. काड्याची पेटी. आन्‌ दिवाळीला कापडचोपड."

"बास?"

"लागतच न्हाय की वो मास्तर, दुसरं काय."

परत येताना मास्तर भावकीतल्या माणसांना म्हणाले, "चांगली माणसं हायत, पण घर बंद हाय. बाहेरचं काय आत येतच न्हाय. अशानं वाढ होत न्हाय." भावकीनं माना डोलावल्या. बंद घर म्हणजे नेमकं काय ते कोणाला कळलं नाही, पण मास्तर म्हणतात म्हणजे असणार.

बारामतीचं घर आबाजींचं. आबाजी तरुणपणी खांद्यावर घोंगड्या टाकून गावोगाव विकत हिंडलेले. आता त्यांच्याकडे मोठमोठ्या कंपन्यांच्या मालाची एजन्सी होती. पंखे, कुकर, बिस्किटं, साबण, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मुलगा संभाजी मोटरसायकलवरून फलटण, दौंड, अकलूज फिरायचा. पाहुणे चहा पीत बसले असतानाच पुण्याहून ट्रक आला आणि हमालांनी खोकी आत न्यायला सुरुवात केली. चहा संपला, पान झालं, तरी खोकी चाललीच होती. मास्तर कौतुकानं बघत बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे गुलाबी रेघच वर चढत होती.

घरी आल्यावर आई सारजाबाईनं विचारलं, "घरातल्या बायका बोलल्या का रं?"

"बायका आत हुत्या. पण आये, माल किती येतो त्या घरात!"

"कशाचा?"

"समद्याचा. हॉलंड हाय ते घर, हॉलंड!"

सारजाबाईला हॉलंड म्हणजे कुठल्या तरी सरदाराचं नाव वाटलं. एवढं म्हणतोय तर असेल मोठं, असं तिनं धरून घेतलं. बानू तिथंच चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला कोणी काही विचारलं नाही आणि तिनंही मान वर केली नाही. शंभूराजच्या घरी निरोप गेला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कोणी बघितलीच नव्हती.

उन्हाळ्यात लग्न झालं आणि बानू बारामतीला गेली.

त्यानंतर मास्तर कामानिमित्त बारामतीला गेले की बहिणीकडे डोकावायचे. पुढच्या खोलीत आबाजींशेजारी बसायचे, चहा घ्यायचे, छतापर्यंत लागलेली खोकी बघायचे आणि समाधानानं अंथुर्ण्याला यायचे. आईला सांगायचे, "तितं कशाची कमी न्हाय." पहिल्या भाऊबीजेला बानूनं त्यांना ओवाळलं ते दोन थप्प्यांच्या मधल्या बोळकांडीत, कारण पाट मांडायला दुसरीकडं कुठं मोकळं नव्हतं. पाटही सापडला नाही. मास्तर बिस्किटांच्या खोक्यावर बसले. ही गोष्ट त्यांनी पुढे कितीतरी जणांना हसत हसत सांगितली. "अवो, बहिणीच्या घरी एवढा माल, की मी खोक्यावर बसून ओवाळून घेतलं!" ऐकणारेही हसायचे. बानू त्या वेळी हसली होती का, हे मास्तरांना आठवत नव्हतं, कारण त्यांनी बघितलंच नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे कोणाला सांगायला लागत नाही. सारजाबाईनं डिंक आणला, अळीव आणले, खारका कुटून ठेवल्या, बाज नवीन सुतळीनं विणून घेतली. बारामतीहून निरोप आला की ऐन दिवाळीचा सीजन आहे, मालाची राखण करायला घरात माणूस पाहिजे, आणि डॉक्टर तर दाराशीच आहे. मास्तरांनी आईची समजूत काढली. "बारामतीत मोठमोठे दवाखाने हायत, आये. हितं अंथुर्ण्यात काय हाय?" बोलणं खरं होतं, म्हणून सारजाबाईनं कुटलेल्या खारका डब्यात भरून ठेवल्या. बानूला मुलगी झाल्यावर ती सकाळच्या एसटीनं बारामतीला गेली, पुढच्या खोलीत बसूनच नात मांडीवर घेतली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आली.

"ऱ्हायली न्हाईस?" मास्तर म्हणाले.

"तिला काम हुतं," सारजाबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली. मास्तर पेपर तपासत होते; त्यांनी पुढे विचारलं नाही. बाळंतिणीला कसलं काम, एवढं तरी त्यांनी विचारायला हवं होतं.

नातीचं नाव प्रतिक्षा ठेवलं. पंचमीला बानू आली नाही, दिवाळीला आली नाही, गावच्या जत्रेला सकाळी येऊन दुपारीच गेली. अशी तीन-चार वर्षं गेली. एकदा इंदापूरच्या बाजारात मास्तरांना शंभूराज भेटला. बायको बरोबर होती, कडेवर पोरगं होतं. पिशवीत मिठाचा पुडा आणि पोरासाठी घेतलेली पिपाणी. शंभूराजनं रामराम घातला, मास्तरांना आग्रहानं चहा पाजला, जुनं काही काढलं नाही. बायको मध्येच काहीतरी बोलली आणि दोघं खळखळून हसली. मास्तरांना का कोण जाणे तो चहा कडू लागला.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये राहणारे त्यांचे मित्र हिंदुराव परदेशातून आले. हिंदुराव इंजिनिअर. कसल्याशा यंत्राच्या कामासाठी दोन महिने हॉलंडला राहिले होते, तेही रॉटरडॅमच्या बंदराशेजारी. मास्तरांना इतका आनंद झाला की जणू तेच जाऊन आले. एवढी वर्षं खडूनं काढलेला देश प्रत्यक्ष बघितलेला माणूस भेटतोय म्हणून ते सुट्टीच्या दिवशी सकाळीच वालचंदनगरला पोचले.

"सांगा," मास्तर खुर्ची ओढत म्हणाले. "केवढा माल येत असंल, न्हाय?"

"माल? मास्तर, इचारू नका. जहाजावर जहाज. डोंगराएवढ्या पेट्या."

"बघा! मी पोरांना हेच सांगतो. दीड कोट माणसं, आन्‌ खातात किती, वापरतात किती!"

हिंदुराव हसायला लागले. "अवो, कुठलं खात्यात? त्या पेट्या तितं नुसत्या उतरत्यात. हिकडनं उतरल्या की तिकडनं होडीत, रेल्वेत, आन्‌ चालल्या जर्मनीला. तिथला माणूस पेटी फोडत बी न्हाय. तशी माणसं सुखी हायत, न्हाय म्हणत न्हाय मी. दूधदुभतं हाय, फुलं पिकवत्यात, कारखाने हायत. पर ते त्या पेट्यांमुळं न्हाय. पेट्या दुसऱ्याच्या. ह्यांची नुसती वाट."

 बारीक टायपातलं ते पान मास्तरांना आठवलं, आणि पाठोपाठ बारामतीचं घर. आजवर त्या घरात येणारी खोकी त्यांनी किती वेळा बघितली होती! जाणारी खोकीही बघितली होती, सकाळी टेम्पोत चढताना. पण ती त्यांनी मोजणीत धरलीच नव्हती. त्या घरात येतं काय ते त्यांना पाठ होतं. राहतं काय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि लोणीच्या घरात बाहेरून काही येत नव्हतं, कारण सगळं तिथंच पिकत होतं. हिंदुरावांची बायको पोहे घेऊन आली तेव्हा मास्तर उठले होते.

"बसा की वो, पोहे तरी खा."

"न्हाय, जायला पायजे," मास्तर म्हणाले. कुठं ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बारामतीला निघाले. सारजाबाईचे गुडघे धरले होते; आता तिला एसटीत चढवत नव्हतं. "बानूला आठ दिस घिऊन ये," एवढंच ती म्हणाली, आणि एक गाठोडं त्यांच्या हातात दिलं. आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, भुईमुगाच्या शेंगा, थोडे हुलगे. गोधडी नातीला निजायला, असं तिनं दोनदा सांगितलं.

या वेळी मास्तर पुढच्या खोलीत बसले नाहीत. आबाजी "या, बसा" म्हणत असतानाच ते थेट आत गेले, आणि आत गेल्यावर कळलं की आत असं काही नाहीच. माजघरात कुकरची खोकी. त्यामागच्या खोलीत पंख्यांची खोकी, भिंतीला लागून वरपर्यंत. मध्ये एका माणसाला आडवं होता येईल एवढीच फरशी मोकळी, आणि तिथं बानू बसली होती. प्रतिक्षा तिच्या मांडीवर झोपलेली, घामानं निथळत. बानू एका फाटक्या पुठ्ठ्यानं तिला वारा घालत होती. डोक्यावर शेकडो पंखे होते आणि सगळे बंद खोक्यात, दुसऱ्याच्या नावाचे.

"आत कशाला आलास, दादा?" बानू लाजून म्हणाली. जणू चूक तिचीच होती.

मास्तर खाली बसले. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. "बानू, माझं चुकलं," ते म्हणाले. "मी नुसता माल बघितला."

बानूनं पुठ्ठा थांबवला नाही. "माणसं वाईट न्हाईत रं. मारत न्हाईत, उपाशी ठेवत न्हाईत. मामंजी बोलायला बी गोड हायत. पर घर कुठं हाय? राखण हाय नुसती. ट्रक आला की उठायचं, टेम्पो आला की उठायचं."

"तवा तू बोलली का न्हाईस?"

"मला इचारलंस कुठं?" ती अगदी साधेपणानं म्हणाली. "इचारलं असतंस तर मी लोणीला व्हय म्हणले असते."

मास्तरांना वाटलं, हिनं रडावं, आपल्याला बोलावं, पुठ्ठा फेकून मारावा. ती पोरीला वाराच घालत राहिली. एवढी वर्षं ते वर्गातल्या पोरांना प्रश्न विचारत आले होते. घरात एकच प्रश्न विचारायचा होता, एकाच माणसाला, आणि तेवढा राहून गेला होता.

"चल," ते म्हणाले. "आठ दिस चल. आईचं गुडघं धरल्यात, तिला येता येत न्हाय आता. मी आबांशी बोलतो."

ते बोललेही. आबाजी नम्रपणे म्हणाले, "न्या की मास्तर, तुमचीच बहीण हाय. फकस्त उद्या दोन गाड्या यायच्यात, संभाजी अकलूजला गेलाय, आन्‌ उन्हाळ्यात पंख्याचा सीजन म्हंजे तुमाला काय सांगायचं? तुमी तर अर्थशास्त्रातलं माणूस. पावसाळा लागला की धाडतो." मास्तरांना भांडायचं होतं. पण भांडायला समोर कोणी वाईट माणूस तरी पाहिजे. बानूच आतून म्हणाली, "राहू दे, दादा. पुढच्या येळेला."

तेव्हा त्यांनी गाठोडं पुढं केलं. बानूनं ते सोडलं. गोधडीवरून हात फिरवला, एका ठिकाणी आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ होता तिथं बराच वेळ हात ठेवला. शेंगांची एक मूठ काढून घेतली. मग गाठोडं पुन्हा बांधलं आणि भावाच्या मांडीवर ठेवलं.

"परत ने, दादा."

"अगं, आईनं पोरीसाठी शिवलीया!"

"ठेवू कुठं?" बानू म्हणाली. तिनं खोलीभर नजर फिरवली, खरंच जागा शोधत असल्यासारखी. "हितं आपलं काय ठेवलं की ते मालाखाली जातं. आईनं मागच्या खेपेला दिलेली बी अशीच गेली. आईला सांगू नगंस."

संध्याकाळच्या एसटीनं मास्तर अंथुर्ण्याला उतरले. सारजाबाई दारात बसून रस्त्याकडे बघत होती. मुलगा एकटाच येतोय हे तिनं लांबूनच बघितलं. मग त्याच्या काखेतलं गाठोडं बघितलं. मास्तर ओट्यावर टेकले आणि काय बोलावं ते जुळवायला लागले. वाटेत त्यांनी सगळं ठरवलं होतं: आईला खरं सांगायचं, एकदा काय ते बोलून टाकायचं.

पण सारजाबाई आधी बोलली. तिनं गाठोडं ओढून मांडीवर घेतलं, त्याची गाठ चाचपली आणि हसल्यासारखं केलं.

"घितली न्हाय व्हय? न्हाईच घेणार. माझंच चुकलं, मी बी कसलं जुनंपानं धाडत बसले," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या घरातली ती. तिला आपली गोधडी कशी आवडंल आता?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती मुलीची बाजू घेत होती. मास्तरांनी तोंड उघडलं, पण खरं सांगितलं तर म्हातारी आज रात्रीपासून डोळ्याला डोळा लावणार नाही, आणि नाही सांगितलं तर आपल्या लेकीला आपली लाज वाटते असं समजून मरेल. दोन्हींतलं काय कमी वाईट, ते त्यांना ठरवता येईना. सारजाबाई गाठोडं घेऊन आत गेली, आणि मास्तर अंधार पडेपर्यंत तसेच ओट्यावर बसून राहिले.